देवळालीचा ताप : एका लष्करी तळाच्या आठवणी

बेळगावात 'कॅम्प' म्हटले की कोणता भाग, हे कोणाला सांगावे लागत नाही. १८१८ मध्ये येथील किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्याच्या आसऱ्याने लष्कराची वस्ती उभी राहिली. त्या वस्तीशी गावातील कित्येक घरांचे पोट बांधलेले होते. तरीही गावाचा इतिहास लिहिताना आपण देवालये, नाटके, शिक्षणसंस्था आणि सीमालढा यांविषयी लिहितो. कॅम्पाविषयी सहसा लिहीत नाही. आपल्या ग्रंथालयाच्या शंभर वर्षांत दुसऱ्या महायुद्धाची १९३९ ते १९४५ ही सहा वर्षेही येतात. त्या काळात लष्करी तळावर रोजचे जीवन कसे चालत असे, याचा विचार करताना मी बेळगाव सोडून नाशिकजवळच्या देवळालीकडे वळणार आहे. त्या तळाच्या आठवणी विपुल लिहिल्या गेल्या आहेत, आणि लिहायचे काय राहून गेले तेही तेथेच स्वच्छ दिसते.

मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या फौजेला आगगाडीने थळ घाट चढवून देवळालीच्या थंड, कोरड्या हवेत आणावयाचे, तेथे काही दिवस ठेवावयाचे आणि मग देशभरातील छावण्यांत वाटून द्यावयाचे, अशी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. परतीची वाटही तीच होती. नोकरीची मुदत संपलेला शिपाई देवळालीस येऊन जहाजाची वाट पाहत बसे. फौजेची ने-आण करणारी जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांतच चालत. शेवटचे जहाज चुकले की सारा उन्हाळा आणि पावसाळा तेथेच काढणे आले. काम नाही, कवायत नाही, घर डोळ्यांपुढे आणि समुद्र मात्र शंभर मैलांवर, अशा स्थितीत माणसे चिडत, पीत, मारामाऱ्या करीत आणि प्रसंगी तुरुंगात जात. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या तळाचे आणि तेथल्या या विकाराचे वर्णन करून ठेवले आहे.

या विकाराला शिपायांनी नाव दिले 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसते 'डुलाली' हे 'डोके फिरलेला' या अर्थाचे विशेषण म्हणून इंग्रजी कोशांत स्थिरावले. तेथे लष्करी वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा अर्थ आला, असेही सांगितले जाते. परंतु वाट पाहण्याच्या कंटाळ्यातून आलेली व्युत्पत्ती शिपायांच्या कथनाशी अधिक जुळते. कोशकार 'टॅप'चे मूळ फारसी-उर्दूत दाखवतात आणि संस्कृत 'ताप' शब्दाशी त्याचा संबंध सांगतात. त्यावर मराठीचा हक्क सांगण्याचे कारण नाही. पण 'डोक्याला ताप' हा आपला नित्याचा वाक्प्रचार ज्याच्या तोंडी आहे, त्याला हा शब्द त्याच मातीत का रुजला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या नावात आपल्याला देऊळ ऐकू येते, त्या नावाचा इंग्रजीत वेडेपणा झाला!

दुसऱ्या महायुद्धात या तळाचा पसारा फार वाढला. तोफखान्याचे प्रशिक्षण आणि ये-जा करणाऱ्या फौजांचा मुक्काम अशी दोन्ही कामे तेथे चालत. त्या काळातील ब्रिटिश निवृत्त सैनिकांच्या आठवणी वाचल्या, तर त्यांत लढाई फारशी आढळत नाही. आढळतो तो दिवसाचा क्रम. पहाटे अंधारात चहावाल्याची आरोळी ऐकू येई. खाली निखारे असलेले चहाचे पिंप घेऊन तो बराकीत शिरे. त्याच्या पाठोपाठ न्हावी येई आणि निजलेल्या शिपायाची दाढी मच्छरदाणी सारून झोपेतच करून जाई. शिपाई त्याला 'नॅपी' म्हणत. त्या शब्दाचे नाते 'नापित' अथवा 'न्हावी' यांच्याशी जोडण्याचा मोह होतो. परीट सकाळी कपडे नेई आणि संध्याकाळी इस्त्री करून परत आणी. शिंपी रात्रीतून खाकी विजारी बेतून देई.

खाटांचा विषय तर प्रत्येक आठवणीत येतो. काथ्याने विणलेल्या बाजांत ढेकणांची वसाहत असे. त्या बाजा उन्हात काढून आपटावयाच्या आणि त्यांचे पाय रॉकेलच्या डब्यांत ठेवावयाचे, हा उपाय सर्वांना ठाऊक होता. घामोळ्यांनी अंग पेटलेले असे. हिवतापावर मेपाक्रीनच्या गोळ्या सक्तीने घ्याव्या लागत आणि त्यांनी कातडी पिवळी पडे. भटारखान्यातून ताटली घेऊन बाहेर पडले की वरून घार झेपावे आणि मांसाचा तुकडा पळवी. नवख्याची ताटली अशी रिकामी झाली की सारी पंगत हसत असे. संध्याकाळी सिनेमा, कॅन्टीन, 'हाउसी'चा खेळ आणि घरी पत्रे लिहिणे.

या सर्वांच्या मुळाशी पुन्हा तीच वाट पाहणे होते. परदेशात किती काळ काढल्यावर घरी परतता येईल याची मुदत युद्धाच्या अखेरच्या काळात तीन वर्षे आठ महिने आणि पुढे तीन वर्षे चार महिने अशी कमी करण्यात आली. शिपाई दिवस मोजत बसले. युद्ध संपल्यावरही जहाजे अपुरीच पडली. जानेवारी १९४६ मध्ये कराचीपासून सुरू होऊन हिंदुस्थानातील अनेक हवाई तळांवर पसरलेल्या ब्रिटिश हवाई दलातील संपांमागे मायदेशी जाण्यास होणारा विलंब हेच मोठे कारण होते. 'डुलाली' ही त्या काळात नुसती थट्टा उरली नव्हती.

देवळालीच्या तोफखान्याच्या तळावर जिमी पेरी नावाचा एक तरुण होता. तो तेथील करमणुकीच्या पथकात काम करी. त्याने आणि डेव्हिड क्रॉफ्टने मिळून देवळालीवर रचलेली विनोदी मालिका बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात दाखवली आणि कोट्यवधी ब्रिटिश घरांत देवळालीचे नाव पोचले. तिच्यात बेअरर, चहावाला आणि पंखेवाला अशी तीन प्रमुख हिंदी पात्रे आहेत. त्यांची नावे रंगी राम, मुहम्मद आणि रमझान. त्यांपैकी रंगी रामची भूमिका झाशीत जन्मलेल्या एका इंग्रज नटाने तोंड काळवंडून केली, आणि त्याबद्दल पुढे या मालिकेवर टीकाही झाली. मला मात्र दुसरी एक गोष्ट खटकते. हा तळ नाशिक जिल्ह्यातला. ज्या भगूर गावी १८८३ मध्ये सावरकरांचा जन्म झाला, ते गाव तळाच्या अगदी लगत. पण या तिघांच्या नावांत मराठी नाव एकही नाही.

यात लेखकांचा दुष्टावा नाही. आठवण आपल्या मालकाचीच बाजू सांगते. ज्याने चहा प्यायला त्याने लिहिले; ज्याने पहाटे दोनला उठून निखारे पेटवले त्याने लिहिले नाही. निजलेल्या माणसाच्या गळ्याजवळ अंधारात वस्तरा चालवताना न्हाव्याच्या मनात १९४२च्या ऑगस्टमध्ये काय चालले असेल, याची नोंद कोणत्याही सैनिकाच्या आठवणीत सापडणार नाही. महागाईत आणि धान्याच्या टंचाईत तळावरची मजुरी हा कित्येक कुटुंबांचा आधार होता. अधिकाऱ्यांच्या खानावळींत आणि बँडमध्ये गोव्याची माणसे होती. सफाईचे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले हे सांगावयास नको. त्याच जातींमधील मराठी तरुणांना लष्कराने अनेक वर्षे दार बंद केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिली, ती आपल्या बेळगावातच. कॅम्पाचा इतिहास हा केवळ गोऱ्यांचा इतिहास नव्हे, याला याहून ठळक पुरावा कोणता हवा?

बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य माणसांच्या महायुद्धकालीन आठवणी गोळा केल्या. सुमारे ४७ हजार कथने जमली. ज्या वृद्धांना स्वतः लिहून पाठवणे जमत नव्हते, त्यांना साह्य करण्याचे काम गावोगावच्या ग्रंथालयांनी आणि स्वयंसेवकांनी केले. ही गोष्ट शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुस्तके जपणे हे ग्रंथालयाचे काम खरेच. पण जे पुस्तकात आलेच नाही ते लिहून घेणे, हेही त्याचेच काम होय.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. माझ्या लहानपणी आमच्या घरी कपडे न्यायला एक वृद्ध परीटमामा येत असत. लढाईच्या काळात त्यांनी कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांचे कपडे धुतले होते. कोणाचा सदरा कोणता हे चुकू नये म्हणून कपड्याच्या कोपऱ्यावर ते बिब्ब्याची खूण करीत. त्या खुणा म्हणजे एक लिपीच होती, आणि ती त्यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नसे. पुढे मी मराठीचा विद्यार्थी झालो, बोलींवर टिपणे काढली, जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. पण आठवड्यातून दोनदा दारात बसून चहा घेणाऱ्या त्या माणसाला 'मामा, त्या वेळी तुम्ही काय पाहिलेत?' असे एकदाही विचारले नाही. ते गेले आणि ती लिपीही गेली.

महायुद्धात विशीत असलेला माणूस आज शंभरीच्या घरात आहे. त्यांपैकी फार थोडे उरले असतील. त्यांची मुले मात्र सत्तरी-ऐंशीत असून ती आपल्यातच वावरत आहेत. वडील कॅम्पात कोणते काम करीत, मजुरी किती मिळे, साहेबाशी कोणत्या भाषेत बोलत, घरी आल्यावर काय सांगत आणि काय सांगण्याचे टाळत, हे त्यांना अद्याप आठवत असेल. ग्रंथालयाने या वर्षी त्यासाठी एक कोरी वही घालावी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. पहिल्या संध्याकाळी लेखनिक म्हणून बसण्यास मी तयार आहे.