बोत्सवाना: उसना वेळ

स्वतःची राजधानी देशाबाहेर असलेला देश ऐकलाय कधी? बेचुआनालँडचा कारभार इंग्रज शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगमधून हाकायचे! १९६६ मध्ये हा देश बोत्सवाना म्हणून स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे पक्का रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर आणि पदवीधर २२. त्यात दुष्काळ. सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भार ब्रिटनच्या अनुदानावर.

अशा देशांची गोष्ट पुढे कशी जाते ते आपल्याला पाठ आहे. मदत येते, ती मुरते, मग आणखी मदत येते... इथे मात्र १९७२-७३ पर्यंत रोजच्या खर्चासाठीचं ब्रिटिश अनुदान लागेनासं झालं.

"हिरे सापडले ना, मग काय!" असं कुणीही म्हणेल. पण हिरे सिएरा लिओनमध्येही होते आणि तिथे १९९१ ते २००२ यादवी चालली. फरक हिऱ्यांच्या आधीचा आहे. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा स्वतः बामांग्वाटो जमातीच्या राजघराण्यातले. १९६७ च्या कायद्याने त्यांनी खनिजांवरचे हक्क जमातींकडून देशाकडे घेतले. ओरापाचे हिरे त्याच वर्षी सापडले, तेही त्यांच्याच जमातीच्या मुलखात! १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी जकातीचा करार नव्याने करून त्यांनी उत्पन्न वाढवलं. नोकरशाहीत आपली माणसं घाईने भरण्यापेक्षा, ती तयार होईपर्यंत परदेशी अधिकारी ठेवले. मदतीचे प्रोजेक्टही सरकारच्या विकास योजनेत बसतील तेच.

उलट उदाहरण अफगाणिस्तानचं. तिथे २०२१ पर्यंत सार्वजनिक खर्चाचा सुमारे ७५ टक्के भाग परदेशी अनुदानाचा होता आणि त्यातला बराच पैसा सरकारी तिजोरीला वळसा घालून जायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले, मदत थांबली आणि शिक्षक-डॉक्टरांचे पगार अडकले. वीस वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहिलेली तिजोरी काही तयार झाली नव्हती.

मला वाटतं, मदतीने विकास विकत मिळत नाही, वेळ मिळतो. त्या वेळात देशाने स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची माणसं उभी केली तर ठीक, नाहीतर तो वेळ नुसताच जातो.

बोत्सवाना काही स्वर्ग नाही. एड्सने तिथे कहर केला, हिऱ्यांवरचं अवलंबित्व अजून सुटलेलं नाही. पण २०२४ मध्ये हिऱ्यांचा बाजार पडला, स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला आणि मुकाट्याने पायउतार झाला. १२ किलोमीटर रस्त्यापासून सुरुवात केलेल्या देशाला हे जमलं, हे विसरू नये.