दिवा आणि गुलमोहर

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र (1945-46) म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. ज्योतीवर धरलेल्या तळहाताच्या बोटांतून नारिंगी तेज पाझरते. भोवतीचा काळोख नसता तर त्या रंगाला ही ऊब आली नसती. उष्ण रंगाची शक्ती त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते, हे तत्त्व तेथे सहज प्रतीत होते.

त्याच कर्नाटकात, बंगळुरात, रुमाले चन्नबसवय्या (1910-1988) यांनी हा रंग अंधारातून काढून भर उन्हात नेला. तरुणपणी चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या रुमाले यांनी स्वातंत्र्यचळवळीसाठी कुंचला खाली ठेवला. तो त्यांनी पुन्हा हाती घेतला तो 1962च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर. त्यानंतरच्या पाव शतकात शहरातील फुललेले वृक्ष हा त्यांचा ध्यासविषय झाला.

या विषयामागे शहराचा एक इतिहास आहे. लालबागेचे जर्मन उद्यानतज्ज्ञ जी. एच. क्रुंबिगल यांनी वर्षभर आळीपाळीने फुलणारे वृक्ष रस्तोरस्ती लावण्याची कल्पना रुजवली. नीलमोहराचा जांभळा बहर ओसरू लागतो, तोच गुलमोहर पेटतो. मूळ मादागास्करचा हा वृक्ष बंगळूरच्या उन्हाळ्याची खूण बनला.

उन्हात नारिंगी रंग हाताळणे मात्र कठीण असते. काळोखाचा आधार तेथे नसतो आणि सर्वत्र उष्ण छटा पसरल्या, की चित्र भडक तरी होते किंवा सपाट तरी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1839 मध्ये दाखवून दिले होते, की पूरक रंग शेजारी ठेवल्यास दोन्ही अधिक तेजस्वी भासतात. रुमाले यांच्या चित्रांत हे पुस्तकी सूत्र राहत नाही. तुटक, वेगवान फटकाऱ्यांतील केशरी बहराला सावलीतील निळ्या-जांभळ्या छटा सावरतात. हळदणकरांकडे जे काम काळोख करतो, ते येथे रंगीत सावली करते. काळोख रंगाला निवांत करतो. सावली त्याला धगधगता ठेवते.

रस्तारुंदीकरण आणि मेट्रोच्या बांधकामात बंगळूरचे अनेक जुने वृक्ष तोडले गेले. त्यामुळे या चित्रांना आज स्मरणपत्रांचेही मोल आले आहे. परंतु केवळ दस्तऐवज म्हणून त्यांच्याकडे पाहणे अपुरे ठरेल. झाड कोठे उभे होते हे छायाचित्रही सांगते. त्याच्या बहरासमोर डोळे कसे दिपत, हे रंगच सांगू शकतो.

तो रंगही अक्षय नाही. जलरंगांतील अनेक छटा सतत प्रकाश लागल्यास फिकटतात. ज्या उन्हाने ही चित्रे घडवली, त्याच उन्हापासून आता ती जपावी लागतात. वृक्ष राखता आले नाहीत, त्या शहराकडे निदान त्यांचा रंग राखण्याचे काम उरले आहे.