रविवारी ट्रॅकवर, सोमवारी ऑफिसात

मागच्या शनिवारी एक जुना मित्र घरी आला होता. चहा व्हायच्या आतच त्याने मुद्द्याला हात घातला. "हे बघ, मला एकच गाडी परवडते. तीच रोज हिंजवडीला न्यायची, आईला दवाखान्यात न्यायची, आणि वर्षातून दोनदा कोइमतूरच्या ट्रॅकवर पळवायची. लहानच हवी. कुठली घेऊ?"

मी म्हटलं, आठवडाभर दे. माझा स्वभाव असा की कोणी साधा प्रश्न विचारला की मी आधी त्याचा इतिहास शोधायला लागतो (ऑफिसातही हेच करतो, म्हणून माझे बग उशिरा सुटतात). पण या वेळी त्याचा उपयोग झाला. कारण हा प्रश्न माझ्या मित्राला पडायच्या साठ वर्षं आधीच इंग्लंडमध्ये पडून गेला होता.

सुरुवात होते १९५६ च्या सुएझ संकटापासून. कालवा बंद, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग. बीएमसी या कंपनीचा प्रमुख लिओनार्ड लॉर्ड याने अ‍ॅलेक इसिगोनिस या इंजिनियरला सांगितलं, लहानात लहान पण खरीखुरी मोटार बनव. इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली, इंजिन ऑइलच्या टाकीतच घातला, आणि चाकं अगदी चार कोपऱ्यांना ढकलली. गाडी जेमतेम १० फूट लांब, पण त्यातली सुमारे ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला. इंजिन ८४८ सीसी, ताकद ३४ हॉर्सपॉवर. ऑगस्ट १९५९ मध्ये ती बाजारात आली. हीच मिनी.

आता गंमत बघा. हे सगळं केलं ते चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या बसाव्यात म्हणून. पण हलकी गाडी, कोपऱ्यातली चाकं, आणि अ‍ॅलेक्स मोल्टनने बनवलेलं रबराचं सस्पेन्शन, यामुळे ती वळणावर अशी चिकटून जायची की भल्याभल्या मोठ्या गाड्या मागे पडाव्यात. कोणी मागितलं नव्हतं, मिळून गेलं.

हे सगळ्यात आधी ज्यांच्या लक्षात आलं त्यांतला एक म्हणजे जॉन कूपर. हा साधासुधा माणूस नव्हता. १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षं त्याच्या छोट्या कारखान्याच्या गाड्यांनी फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. त्याने पुढे अनेकदा सांगितलेला एक किस्सा आहे. १९५९ च्या इटालियन ग्रां प्रीसाठी रॉय साल्व्हादोरी हा रेसर इंग्लंडहून एका नव्या मिनीत बसून मोन्झाला निघाला, आणि अ‍ॅस्टन मार्टिन घेऊन निघालेल्या रेग पार्नेलच्या आधी पोचला.

कूपरने इसिगोनिसला म्हटलं, हिची जरा जोरदार आवृत्ती काढू. इसिगोनिसला ते फारसं रुचलं नाही. त्याच्या दृष्टीने ती सामान्य माणसाची गाडी होती, शर्यतीशी तिचा संबंध काय? मग कूपर थेट बीएमसीच्या जॉर्ज हॅरिमनकडे गेला. शर्यतींचा नियम असा होता की गाडी स्पर्धेत उतरवायची तर तशा किमान १००० गाड्या बनवल्या पाहिजेत. याला होमोलोगेशन म्हणतात. हॅरिमनला हजार गाड्या खपतील याचीच शंका होती, तरी त्याने होकार दिला. कूपरला दर गाडीमागे २ पौंड मिळायचं ठरलं.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या रुक्ष नियमात आहे. एकच शर्यतीची गाडी बनवायची असती तर कूपरने सीट काढली असती, दारं पातळ केली असती, सायलेन्सर फेकून दिला असता. पण हजार गाड्या बनवायच्या म्हणजे त्या हजार घरांत गेल्या पाहिजेत. कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर. सोमवारी सकाळी थंडीत ती पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमो चालवून भागत नव्हतं, प्रॉडक्शनला टाकायचं होतं.

मग कूपरने नेमकं काय बदललं? १९६१ च्या मिनी कूपरमध्ये इंजिन ९९७ सीसीचं केलं, दोन कार्ब्युरेटर बसवले, ताकद ५५ हॉर्सपॉवर. गिअरचं गुणोत्तर बदललं. आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, अवघे ७ इंचांचे, कारण १० इंची चाकात त्याहून मोठे बसवणं अवघडच. बस्स. मागची सीट तशीच, डिकी तशीच, दारातले ते प्रसिद्ध खोल कप्पेही तसेच.

५५ हॉर्सपॉवर! आज आपल्याकडची साधी हॅचबॅकसुद्धा याहून जास्त देते. पण कूपरने ब्रेक का बदलले ते नीट बघण्यासारखं आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. रस्त्यावर आपण एकदा जोरात ब्रेक मारतो आणि मग दोन मिनिटं सिग्नलला उभे राहतो. ट्रॅकवर दर वळणाला तेच, श्वास घ्यायला उसंत नाही. बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते, उघड्या डिस्कला वारा लागतो. नुसती ताकद वाढवून ड्रम तसेच ठेवले असते तर ती गाडी दोन चकरांनंतर थांबायचं नाव घेती ना.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६३ मध्ये कूपर एस आली. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कने, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेनने आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेनने मिनी घेऊन मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्ये तर पहिल्या तिन्ही मिनी होत्या, पण त्यांना बाद केलं. कारण? हेडलाइटचे बल्ब विक्रीच्या गाडीत असतात तसे नव्हते! वाद पुष्कळ झाला, फ्रेंचांनी मुद्दाम केलं असं इंग्रज आजही म्हणतात. पण नियमाचा गाभा तोच होता, शोरूममध्ये मिळते तीच गाडी आण. हजाराची शंका घेणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून कूपर आणि कूपर एस मिळून लाखाच्या वर खपल्या.

आता जर्मनीत जाऊ. इथली गोष्ट आपल्या जमातीला जास्त जवळची वाटेल, कारण हा चक्क ऑफिसच्या वेळेबाहेर केलेला प्रोजेक्ट होता.

१९७३ चं तेलसंकट. जर्मनीने ऑटोबानवर काही महिने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घातली होती. १९७४ मध्ये फोक्सवॅगन जबर तोट्यात. अशा दिवसांत टेस्टिंगमधला आल्फोन्स लोव्हेनबर्ग नावाचा इंजिनियर सहकाऱ्यांना म्हणत होता की आपण एक स्पोर्टी गाडी काढू. फारसं कोणी दाद देईना. जे थोडे तयार झाले ते जमायचे कंपनीचा प्रसिद्धीप्रमुख आंतोन कोनराड याच्या घरी. बजेट नाही, मंजुरी नाही.

पहिला नमुना त्यांनी सिरोको गाडीवर बनवला. खाली बसवलेली, दगडासारखी कडक, आणि एक्झॉस्टचा आवाज असा की अख्खी गल्ली जागी व्हावी. तो चालवल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की ही रोज चालवायची गाडी नव्हे. मग त्यांनी ती मवाळ केली. माझ्या लेखी या सगळ्या कथेतला हा सगळ्यात हुशार निर्णय. हौशी माणसांनी आपल्याच हौसेला लगाम घातला.

१९७५ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली, त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी दाखवली, आणि १९७६ च्या उन्हाळ्यात विक्री सुरू झाली. गोल्फ जीटीआय. १.६ लिटर इंजिन, ११० हॉर्सपॉवर, वजन साधारण सव्वाआठशे किलो. इंजिनात बॉशचं फ्युएल इंजेक्शन होतं. त्यामुळे ताकद तर वाढलीच, पण थंडीत चोक ओढत बसायची कटकटही गेली. म्हणजे एकाच सुट्या भागाने रविवारही साधला आणि सोमवारही. मागचं पाचवं दार, दुमडणारी सीट, सगळं साध्या गोल्फसारखंच. आतल्या चौकड्यांच्या सीट आणि पुढच्या जाळीभोवतीची लाल रेघ गुनहिल्ड लिलिएक्विस्ट या डिझायनर बाईंची. कंपनीचा अंदाज होता ५००० गाड्यांचा. पहिल्या पिढीत साडेचार लाखांच्या वर खपल्या.

आणि तिकडे पळवायला जागाही होती. न्युरबुर्गरिंगचा जुना उत्तरेकडचा ट्रॅक, २० किलोमीटरहून लांब, १९२७ पासून सामान्य माणसालाही खुला. तिकीट काढायचं, आपली गाडी घालायची, चक्कर मारायची. नंतर त्याच गाडीने घरी जायचं. अर्थात, घरी जाण्याइतकी ती शाबूत राहिली तर.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही सांगतो. १९९७ मध्ये होंडाने जपानात पहिली सिव्हिक टाइप आर काढली. १.६ लिटरच्या साध्या, विनाटर्बो इंजिनातून तब्बल १८५ हॉर्सपॉवर. वजन कमी करायला आवाज अडवणारे थर काढून टाकले. तिची एक आवृत्ती तर एसीशिवाय यायची. गाडी म्हणून अफलातून! पण इथे काटा रविवारकडे झुकला होता, आणि त्याची किंमत सोमवारी कानांना मोजावी लागायची.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेने आला. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक आला, २००३ मध्ये कोइमतूरला करी मोटर स्पीडवे. ज्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला आहे, त्यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर शर्यतीची फॉर्म्युला मारुती बनवली. म्हणजे इथेही सुरुवात घरच्या गाडीपासूनच. २०१० पासून आपल्या चाकणमध्ये बनलेल्या पोलोच्या शर्यती सुरू झाल्या, आणि २०१३ मध्ये त्याच पोलोची १०५ हॉर्सपॉवरची जीटी टीएसआय शोरूममध्ये आली. २०१६ ची खरी पोलो जीटीआय मात्र बाहेरून आयात केलेली, २६ लाखांच्या घरात, आणि फक्त ९९ गाड्या. आईला मागे बसवायला दारही नाही, तीनच दारं. सामान्य माणसाची गाडी, हा मूळ मुद्दाच तिथे निसटला. चाकणची पोलोही २०२२ मध्ये बंद झाली.

असो. तर मित्राला काय सांगितलं?

पहिलं म्हणजे, हॉर्सपॉवरचा आकडा शेवटी बघ. वजन आधी बघ. हलकी गाडी टायर, ब्रेक आणि पेट्रोल तिन्ही कमी खाते. हजार-अकराशे किलोच्या आसपासची, चांगल्या सस्पेन्शनची, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक घे, वापरलेली चालेल.

दुसरं, वाचलेल्या पैशातून कूपरने केलं तेच कर. आधी ब्रेक. चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफ होते आणि पाय पेडलसकट खाली जातो. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊ नकोस, एवढं ऐक. मग टायर. इंजिनाला हातही लावू नकोस.

तिसरं त्याला आवडलं नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. कुंपणाला गाडी लागली तर खर्च बहुतेक तुझ्याच खिशातून. म्हणून ट्रॅकवर जाताना स्वतःला विचार, ही आज इथेच राहिली तर सोमवारी आईचं काय? उत्तर नसेल तर इतकी महाग गाडी घेऊ नकोस, किंवा इतकी जोरात चालवू नकोस.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तू मला साधी गाडी घ्यायला सांगतोयस."

म्हटलं, मिनीही साधीच होती रे.

काल त्याचा फोन आला. सहा वर्षं जुनी एक हॅचबॅक बघून आलाय. आईला मागच्या सीटवर बसवून चक्कर मारली म्हणे, गुडघे दुखले नाहीत. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते मात्र विकणाऱ्याला सांगता आलं नाही. म्हटलं, पहिलं काम तेच कर.