किर्लोस्कर, बळवंत पांडुरंग (अण्णासाहेब)

(३१ मार्च १८४३ – २ नोव्हेंबर १८८५). मराठी नाटककार, पद्यरचनाकार, नट व संगीत रंगभूमीचे प्रवर्तक. जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. पारशी मंडळींचे ‘इंदरसभा’ पाहून मराठीत संगीत नाटक करण्याची त्यांना ईर्षा वाटली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगले. तोवर गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी तो पात्रांवरच सोपवला. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील व कर्नाटकी चाली त्यांनी बेधडक घेतल्या. लंडनमध्ये याच काळात सुखात्मिका गाजवणाऱ्या संगीतकार आर्थर सलिव्हनला (१८४२–१९००) शब्द गिल्बर्टकडून मिळत. येथे संहिता, पदे, चालींची निवड आणि तालीम, सारे एकाच माणसाचे.

‘सौभद्र’ (१८८२) ही त्यांची खरी स्वतंत्र करामत. बलरामाने दुर्योधनाशी ठरवलेले सुभद्रेचे लग्न कृष्ण युक्तीने मोडतो, अर्जुन संन्याशाच्या वेषात घरात शिरतो. पुराणातले यादव इथे लग्नघरातल्या मराठी माणसांसारखे रुसतात, भांडतात. सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकरांनी प्रेक्षक वेडे केले. ‘रामराज्यवियोग’ (१८८४) अपुरे राहिले, ‘सौभद्र’ मात्र आजही रंगमंचावर येते.