टाळूचे छत आणि त्याची डागडुजी

च, ज, श हे वर्ण तालव्य, हे आपण शाळेतच घोकले. परंतु ज्या टाळूवरून हे नाव पडले तिलाच भोक पडले तर? प्यायलेले पाणी नाकावाटे परत येते. तोंडात कोंडायची हवा नाकातून निसटते आणि 'प', 'ब' हे सोपे ओष्ठ्य वर्णही उमटेनासे होतात.

इंदूरला हा प्रश्न २०२१ साली तीव्रतेने जाणवला. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसच्या रुग्णांनी महाराजा यशवंतराव रुग्णालयाचे कक्ष भरले. ही बुरशी नाकातून शिरते, रक्तवाहिन्या बंद पाडते, हाड मरते. मेलेल्या हाडापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून अनेकांचा वरचा जबडा टाळूसह काढावा लागला. जीव वाचला, खाणे-बोलणे मात्र हरपले.

त्यावरचा इलाज जुना आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआज पारे (१५१०–१५९०) सोन्याचांदीचा पातळ पत्रा टाळूला बसवी. पत्र्याच्या वरच्या अंगाला स्पंज असे. तो ओलाव्याने फुगून भोकात घट्ट बसे. युक्ती नामी, पण तो स्पंज किती घाण होत असेल! 'बुजवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून या साधनाला ऑब्ट्युरेटर म्हणतात. १७२८ साली प्येर फोशारने स्पंजाऐवजी भोकातून वर नेऊन उघडता येणारे पंख सुचवले.

१८९३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या जबड्यातील गाठ एका खाजगी नौकेवर गुपचूप काढण्यात आली. देश आर्थिक संकटात होता. कडक रबराचा ऑब्ट्युरेटर बसवल्यावर त्यांचे बोलणे इतके सुधारले, की हे गुपित १९१७ पर्यंत टिकले. राजकारण्याच्या वाणीचे मोल त्या दंतवैद्याने ओळखले होते, एवढे खरे.

आज हे साधन अॅक्रिलिकचे असते. भोकात जाणारा फुगीर भाग आतून पोकळ ठेवतात, कारण जड साधन वरच्या जबड्यावर टिकत नाही. उरलेल्या दातांना तारेचे आकडे अडकवतात. दातच नसतील तर कारागिराची कसोटी लागते. जखम आक्रसत जाते, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी एक, मधल्या काळात दुसरा आणि काही महिन्यांनी कायमचा, असे तीन ऑब्ट्युरेटर लागतात. कायमचाही रोज धुवावा लागतो, आणि तोही पुढे सैल पडतो. बसवून झाला की रुग्णाला प्रथम घोटभर पाणी देतात. ते नाकातून आले नाही, म्हणजे मग 'पाणी', 'बाबा' असे शब्द म्हणायला लावतात.