साडेअडतीस गोळ्या

मामेबहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी तिची वही सहज चाळत होतो. फार्माकॉलॉजीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने चौकट काढून लिहिलं होतं : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. औषध देण्याआधी या पाच गोष्टी तपासायच्या. मला वाटलं, अरे, ही तर आपली इनपुट व्हॅलिडेशनची यादी! मग या यादीच्या मागे लागलो आणि रविवार कुठे गेला कळलंच नाही.

सुरुवात हेपारिनपासून करू. १९१६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता. सापडलं नेमकं उलट, रक्त गोठू न देणारं! कुत्र्याच्या यकृतातून मिळालं म्हणून पुढे यकृताच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव हेपारिन पडलं. आज हे औषध जवळपास प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात असतं. गंमत अशी, की तेच औषध दोन अगदी वेगळ्या कामांना लागतं. शिरेत घातलेली नळी तुंबू नये म्हणून मिलिलिटरला १० युनिट, आणि उपचारासाठी मिलिलिटरला १०,००० युनिट. फरक हजारपटीचा, पण कुप्या सारख्याच आकाराच्या आणि लेबलं दोन्हीकडे निळी. एकावर जरा गडद, एकावर जरा फिकी.

सप्टेंबर २००६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉस्पिटलात नवजात विभागाच्या कपाटात चुकून १०,००० वाल्या कुप्या भरल्या गेल्या. तिथे नेहमी १० चीच कुपी असायची, त्यामुळे हात सवयीने गेला. सहा अर्भकांना जास्त डोस गेला, त्यातली तीन दगावली. फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीने हॉस्पिटलांना सावधगिरीचं पत्र धाडलं. पुढे लेबलही बदललं, पण जुना साठा कपाटांतच राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेडच्या जुळ्या बाळांच्या बाबतीत तेच घडलं. बाळं वाचली.

आता यावर आपल्यासारखा माणूस काय म्हणेल? "बारकोड लावा की!" ही कल्पना तोवर आलेलीही होती, आणि ती कुठल्या इंजिनिअरला नाही, एका नर्सला सुचली होती. अमेरिकेतल्या टोपिकाच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातल्या स्यू किनिक १९९२ साली भाड्याची गाडी परत करायला गेल्या. तिथल्या माणसाने गाडीवरचा बारकोड हातातल्या यंत्राने टिपला. त्यांच्या मनात आलं, गाडीसाठी हे होतं, मग पेशंटसाठी का नाही? रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, औषध स्कॅन करायचं, जुळलं तरच द्यायचं. पुढे ही पद्धत माजी सैनिकांच्या सगळ्या हॉस्पिटलांत गेली. पाचही प्रश्न मशीनच विचारणार. प्रश्न मिटला ना?

नाही मिटला. जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्कोचं विद्यापीठ हॉस्पिटल. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. त्याची रोजची गोळी सेप्ट्रा, म्हणजे ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल यांची जोडी. जिवाणू फोलेट तयार करतात त्या साखळीच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या ही दोन औषधं अडवतात. एका गोळीत ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम. पण ४० किलोखालच्या मुलांना डोस वजनावर मोजायचा असा नियम होता. डॉक्टरांनी किलोला ५ मिलिग्रॅम लिहिलं, हिशोब आला १९३. फार्मासिस्टने कळवलं, गोळी १६० ची आहे, तेवढं दुरुस्त करा. डॉक्टरांनी १६० टाइप केलं. स्क्रीनवर एकक मात्र 'मिलिग्रॅम प्रति किलो' हेच राहिलं होतं.

१६० गुणिले ३८.६. कॉम्प्युटरने इमानदारीत गुणाकार केला : ६,१७६ मिलिग्रॅम, म्हणजे साडेअडतीस गोळ्या!

इशारा आला होता हो. डॉक्टरांनाही आला, फार्मासिस्टलाही आला. पण दिवसभर असे ढीगभर इशारे येतात, तेव्हा बोट आपोआप 'ओके'वर जातं (आपण कंपायलरच्या वॉर्निंग किती वाचतो?). मग रोबोटने न चुकता साडेअडतीस गोळ्या भरल्या. त्या रात्रीची नर्स दुसऱ्या विभागातून आली होती. एवढ्या गोळ्या बघून ती चमकली. पण बारकोड स्कॅन केला तर यंत्र म्हणालं, बरोबर आहे. तिने दिल्या. काही तासांनी मुलाला जोरदार झटके आले, श्वास थांबला. नशिबाने तो वाचला. त्याच हॉस्पिटलातले डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या २०१५ च्या पुस्तकात हा सगळा प्रकार उघडपणे मांडला. स्वतःची चूक अशी चव्हाट्यावर मांडायला हॉस्पिटलने परवानगी दिली, याचं मला फार कौतुक वाटलं.

नीट बघा, बारकोडने काम चोख केलं. ऑर्डर आणि हातातलं औषध जुळतंय का, एवढंच तो तपासत होता. ऑर्डर स्वतः शहाणी आहे का, हा प्रश्न त्याला कुणी शिकवलाच नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिफिकेशन झालं, व्हॅलिडेशन राहिलं. आणि जिच्या मनात तो प्रश्न खरोखर आला, तिला हिरव्या खुणेने गप्प केलं.

मी हे सगळं बहिणीला रंगवून सांगितलं. तिने वहीचं पान उलटलं. मागे पेन्सिलने लिहिलं होतं : 'एका डोसला दोन-तीनपेक्षा जास्त गोळ्या किंवा कुप्या लागत असतील तर थांब आणि विचार.'

"आमच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात सांगतात हे," ती म्हणाली. "रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा, डॉक्टर ओरडले तरी चालेल."

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर आधी आमच्या फॉर्ममधली एककं बघणार आहे.