सदरा, सदरी आणि सदरहू

जयपुरास बदली होऊन आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात बापू बाजारातून कापूस भरलेली, बिनबाह्यांची एक बंडी घेतली. दुकानदार तिला ‘सदरी’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी कचेरीत निघालो असता माझी सात वर्षांची कन्या म्हणाली, “बाबा, सदरी विसरलात.” परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या मराठीची जी काळजी आपणा सर्वांस असते, ती एकदम जागी झाली. “सदरी नव्हे, सदरा म्हणावे,” असे मी करड्या स्वरात सांगितले. “पण सदरा तर तुम्ही अंगात घातला आहे!” असे तिचे उत्तर आले. ती खरे बोलत होती. शब्दाचे कूळ न पाहता मीच रागावलो होतो.

अरबी भाषेत ‘सद्र’ म्हणजे छाती. छातीवर घालावयाची ती सदरी. आपल्या सदऱ्याची व्युत्पत्तीही याच शब्दाशी जोडली जाते. छाती हा शरीराचा दर्शनी आणि वरचा भाग. म्हणून सद्र या शब्दास अग्रभाग, मानाचे स्थान, असे अर्थ आले. गडावर वा वाड्यात धनी बसून कारभार पाहतो ती सदर. कंपनी सरकारने १७७२ साली कलकत्त्यास स्थापिलेले वरिष्ठ न्यायालय, तेही ‘सदर दिवाणी अदालत’. कागदात वर आलेला मजकूर तो ‘सदरहू’. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. अंगात सदरा आणि लेखणीत सदरहू, अशी त्यांची हयात गेली. परंतु हे दोघे भाऊबंद आहेत, याची वार्ता त्यांना नव्हती आणि मलाही नव्हती.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि कारभारातील यावनी शब्दांस संस्कृत पर्याय योजले गेले. अमात्य, सचिव ही नावे रूढ झाली. तरीही सदर गडावर राहिली आणि सदरा मराठी माणसाच्या अंगावर. जो शब्द रोज वापरात असतो, तो सहसा हटत नाही.

उलट, येथील खेडूत जी ‘अंगरखी’ घालतो, ती मला परकी वाटत होती. तिचे मूळ मात्र संस्कृत ‘अंगरक्षक’ या शब्दात आहे. आपला अंगरखा तिचाच सख्खा भाऊ; आणि ‘रक्ष्’ या धातूपासूनच आपले राखणे झाले व राखीही झाली. मी ज्यास घरचा समजलो तो शब्द अरबस्तानातून आलेला, आणि ज्यास परका समजलो तो आजोळचा निघाला.

त्या संध्याकाळी मी कन्येपाशी माझा शब्द मागे घेतला. हल्ली थंडीत सदऱ्यावर सदरी चढवितो, आणि ती विसरलो तर आठवण करून देण्याचा अधिकार तिच्याकडेच आहे.